घरी येतं, मग पेपरात जातं कुठे?

"मॅडम, आदल्या रात्री मी स्वतः अभ्यास घेते. धडाधड सांगतो. पेपरात मात्र कोरा!"

परीक्षा झाली की हे वाक्य माझ्याकडे हमखास येतं. या वेळी नववीतल्या मुलाची आई होती. सोबत गुळगुळीत कागदाची फाइल: बोटांच्या ठशांवरून केलेली मेंदूची चाचणी. मुलगा म्हणे 'व्हिज्युअल लर्नर', म्हणजे बघून शिकणारा, उजव्या मेंदूचा. पैसे बरेच गेले होते. ठशांवरून अभ्यासाची पद्धत कळते याला शास्त्रीय आधार नाही, हे सांगताना मलाच वाईट वाटलं.

मुलाला विज्ञानाचं पुस्तक काढायला लावलं. 'गतीचे नियम'. पानं पिवळीधमक, हायलायटरच्या तावडीतून जेमतेम चार ओळी सुटलेल्या.

"किती वेळा वाचलंस?"

"पाच."

पुस्तक मिटून कोरा कागद पुढे केला. "तिसरा नियम लिही. घरातलं एखादं उदाहरणही."

'प्रत्येक क्रिया बलास' इथवर पेन धावलं आणि अडलं. "येतं मला! डाव्या पानावर खाली आहे."

नियमाची जागा पाठ होती, नियम नाही. पाचदा वाचल्यावर ओळी ओळखीच्या होतात आणि ती ओळख म्हणजेच 'येणं' असं वाटू लागतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे कॉलेजच्या मुलांवर तपासलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवलं. एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्यानंतर वाचणारे ४२ वर घसरले, लिहिणारे ५६ वर राहिले. आई रात्री 'घेते' ती त्या पाच मिनिटांतली गोष्ट. वर हा झोपायचा दीडला, आणि दिवसभराचं वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच होतं.

"ताई, वाचून झाल्या झाल्या घेऊ नका. दोन दिवसांनी घ्या. अडखळला तर थांबा, पहिला शब्द सुचवू नका." हे शेवटचं त्यांना सर्वांत अवघड गेलं.

त्याच्या विज्ञानाच्या बाईंशीही बोलले. तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न, वहीच्या शेवटच्या पानावर, गुण नाहीत. "पोर्शन कधी संपवू मग?" त्यांचा प्रश्न रास्त होता. एकाच तुकडीत करून बघते म्हणाल्या. पहिले काही दिवस निम्मी पानं कोरीच यायची.

महिन्याभरानं मुलगा तक्रार घेऊन आला. "मॅडम, यात डोकं दुखतं. आधी वाचलं की झालं असं तरी वाटायचं." मी पुन्हा कोरा कागद पुढे केला. तिसरा नियम त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहिला, थोडा वाकडातिकडा. उदाहरण: फुगा फुगवून सोडला की हवा मागे, फुगा पुढे.

हायलायटर आता धाकट्या बहिणीकडे आहे. ती त्यानं चित्रातले सूर्य रंगवते.