बाग खाली निघाल्यावर

तासगाव, ३० नोव्हेंबर २०२५

चि. पोरा, अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या द्राक्षबागेच्या कडेनं गेलो. तू तिसऱ्या ओळीत एक काडी हातात धरून उभा होतास. हाक मारली नाही. फुटवा हातभर झालाय, पानं हिरवीगार, आणि घड असायचा तिथं नुसती बाळी, वेलाचा तो वळलेला तंतू, लोंबतेय. रात्री तुझ्या आईचा फोन आला, पोरगं धड जेवत नाही म्हणून. समोर येऊन बोललो असतो तर तू "होय काका" म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून लिहायला बसलो.

तू सगळ्यांना सांगत फिरतोस, छाटणी आठ दिवस उशिरा घेतली असती तर, डोळे फुटायला लावतात ती पेस्ट नीट लागली असती तर. ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, धरतो रे. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत काडीला ऊन पाहिजे, आणि यंदा नेमकं तेव्हाच आभाळ भरलं. ११ जूनच्या आसपास मुंबईत येणारा मान्सून २६ मेलाच तिथं पोचला, आपल्याकडं तर त्याच्या आधीपासूनच वळीव ठाण मांडून होता. तुझी बाग मेमध्येच गेली होती. तुला ती आत्ता दिसली.

खरं तर सप्टेंबरातही दिसली होती. काड्या तपासायला दिल्या होत्यास, त्याचा कागद तूच मला दाखवलास. दहा डोळ्यांत तीन घड. वर म्हणालास, "लॅबवाले काहीही सांगतात." त्या कागदावर तुला सोसायटीचा हप्ता आणि बहिणीचं लग्न दिसत होतं, तीनचा आकडा दिसलाच नाही. मग भरपूर पीक येणार असल्यासारखा मजुरी-औषधाला पैसा घातलास.

मी काही फार शहाणा नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा माझी बाग फुलोऱ्यात होती. कूज अशी, की बोट लावलं की फुलोरा गळून हातात यायचा. त्या पिकावर मी घराचा स्लॅब बोलून बसलो होतो, सळई उधारीवर आणून अंगणात टाकलेली. दोन महिने रोज सकाळी त्या सळईकडं बघत चहा प्यायचो आणि बागेकडं फिरकायचो नाही. भुरीचा रोग चढला, पानं गेली. फुलोरा पावसानं नेला, पानं मात्र मी घालवली. पानं नाहीत म्हटल्यावर काडीत साठा कुठून होणार? पुढच्या साली पण मार खाल्ला.

शेवटी तुझ्या काकूनं सळई विकायला लावली, घेतली त्यापेक्षा कमी भावात. टेम्पो गेला त्या दुपारी जो झोपलो, तो दिवेलागणीलाच उठलो. देणं होतं तसंच होतं. अंगण तेवढं मोकळं झालं होतं.

तुझ्या अंगणातली सळई म्हणजे बहिणीचं ते येत्या मेमधलं लग्न. सोयऱ्यांच्या घरी जा आणि यंदा जमत नाही म्हणून सांग. लाज वाटेल, पण एकदाच. तेही बागायतदारच आहेत, त्यांच्या बागेत काय लोंबतंय ते त्यांनाही दिसतं. कर्जाचं पुनर्गठन होतं का, ते सोसायटीत जाऊन विचार. नुसता अंदाज बांधत रात्री जागू नकोस. लोक सांगतील, काम करत राहा, फळाची आशा धरू नको. हप्त्याच्या तारखेला ते कुणाला जमतं? मला तर अजून जमलेलं नाही. पण न आलेल्या पिकावर बोलून ठेवलेलं एकेक मागं घेता येतं, तेवढं मी केलंय.

बागेत आता घड फुगवायचं जीए, मण्यांची विरळणी, सगळं बंद कर. पानं जप, पाणी बेतानं दे, डावणी-भुरी या रोगांवर नजर ठेव. शेजारच्यानं जेसीबी घातला म्हणून तूही घालू नकोस. तोडायचीच असेल तर एप्रिलमध्ये बसून ठरवू.

उद्या सकाळी सातला येतो. कात्र्या काढून ठेव, मजूर सांगू नकोस, दोन ओळींतली फुटव्यांची गर्दी आपण दोघंच काढू. आणि आईला म्हणावं, काकाची भाकरी तुमच्याकडंच आहे, ठेचा जरा तिखट कर.

तुझा,
काका