वाचकांचे प्रश्न : मतपत्रिका खालून वर वाचायची

या महिन्याचा टपालाचा गठ्ठा जवळजवळ एकाच विषयाचा आहे. मुलं कॉलेजात गेली, अठरा पूर्ण झाली, आणि ७ नोव्हेंबर २०२८ ला ती पहिल्यांदा अमेरिकेच्या अध्यक्षासाठी मत देतील. त्यांनी ते डोळसपणे द्यावं म्हणून काय करता येईल? माझी सगळी नोकरी ओहायोत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलामागे झाली. ‘हे खरं आहे का हो?’ असं विचारत पोरं तिथेच यायची. म्हणून संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगी पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गला शिकते. राजकारणाची तिची सगळी माहिती फोनवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंतून येते. तिचे बाबा फॅमिली ग्रुपवर रोज फॉरवर्ड टाकतात, ते ती उघडतसुद्धा नाही. कोणाला मत दे हे मला सांगायचं नाही, पण विचार करून दे एवढं सांगायचंय. ते कसं सांगू? आणि नोंदणी आमच्या पत्त्यावर करायची की तिच्या?
– एक आई, एडिसन

उत्तर : पत्त्याचं आधी उरकू. कॉलेजात शिकणाऱ्या नागरिक मुलाला आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा कॉलेजच्या गावी, कुठंही नोंदणी करता येते. मात्र एकाच ठिकाणी. टेक्ससमधल्या वॉलर काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ‘तुम्ही इथले रहिवासी नाही’ म्हणून परत पाठवलं जायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७९ साली निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूनं लागला. मुलगी तिकडची मतदार झाली तर टॅक्समध्ये तिला डिपेंडंट दाखवता येणार नाही, ही आपल्या लोकांतली आवडती अफवा आहे. तसं काही नाही. एखादी शिष्यवृत्ती घरच्या राज्याच्या रहिवासावर मिळालेली असेल तर तेवढी अट वाचून घ्या.

आता कुठं करावी? न्यू जर्सीनं १९८८ नंतर अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही. पेनसिल्व्हेनियाचा निकाल २०१६ ला सुमारे ४४ हजार मतांनी एका बाजूला गेला, २०२० ला सुमारे ८० हजारांनी दुसऱ्या, आणि २०२४ ला पुन्हा पहिल्या. आपल्या मताला वजन कुठं जास्त, हा हिशेब मुलं करतात आणि त्यात गैर काही नाही. मी मात्र तिला आधी विचारीन की बाई, बसचे, घरभाड्याचे, रस्त्यांचे कुठल्या गावचे निर्णय तुला रोज सोसावे लागतात? तिनं पिट्सबर्ग म्हटलं तर पेनसिल्व्हेनियात नोंदणीची मुदत मतदानाच्या १५ दिवस आधी संपते. टपालानं मत द्यायचं झालं तर बॅलट आधी आतल्या गुप्ततेच्या लिफाफ्यात घालायचं, मग बाहेरच्या. तो आतला लिफाफा विसरल्यामुळे तिथं दर वेळी काही मतं बाद होतात, आणि विसरणारे बहुतेक पहिल्यांदाच मत देणारे असतात असा माझा संशय आहे.

आता खरा प्रश्न. तुम्ही अध्यक्षापासून सुरुवात करू नका. त्या विषयावर तिचं मत ठरलेलं आहे, तुमचं आहे, बाबांचं तर आहेच. दोन मिनिटांत आवाज चढतील आणि शिकणं तिथंच संपेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काउंटीच्या किंवा राज्याच्या संकेतस्थळावर नमुना मतपत्रिका येते. ती छापून घ्या, कागदावरच, आणि अगदी खालच्या ओळीपासून वर वाचत या.

याचं कारण सांगते. अध्यक्ष निवडीच्या वर्षी पेनसिल्व्हेनियात राज्याचा ॲटर्नी जनरल, ट्रेझरर आणि ऑडिटर जनरलही निवडायचे असतात. ऑडिटर जनरल काय करतो हे तुमच्या घरात कुणाला माहीत आहे? नसणार. मग पाटी सगळ्यांचीच कोरी. तिथं मुलगी शोधेल, तुम्ही ऐकाल. या पदाचं काम काय, आत्ता त्यावर कोण आहे, त्यानं गेल्या चार वर्षांत कुठली तपासणी केली, समोरचा काय वेगळं करीन म्हणतो, दोघांना पैसा कोण देतं. हे पाच प्रश्न ऑडिटर जनरलला लावायची सवय झाली की तेच पाच प्रश्न ती अध्यक्षपदाच्या उमेदवारालाही आपोआप लावते. मग तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

आमच्या ओहायोत तर काउंटी इंजिनिअर आणि कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी, हेसुद्धा निवडून येतात. एक पोरगा टेबलापाशी येऊन म्हणाला, ‘कॉरोनर डेमोक्रॅट असला तर मृत्यूचं कारण बदलतं का?’ मला हसू आलं, पण प्रश्न फालतू नव्हता. आम्ही दोघांनी बसून शोधलं. ओहायोत कॉरोनर डॉक्टरच असावा लागतो, शेजारच्या इंडियानात तशी अट नाही. ओव्हरडोसनं गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर काय लिहायचं ते हा माणूस ठरवतो, आणि व्यसनमुक्तीवर सरकारनं किती खर्च करायचा याचा अंदाज त्या दाखल्यांच्या बेरजेवरून बांधतात. तो मुलगा एरवी ‘सगळे चोर’ म्हणणाऱ्यांतला. त्या दुपारी तो उठायला तयार नव्हता.

शोधायला कुठं जायचं? बॅलटपीडिया या संकेतस्थळावर पत्ता घातला की मतपत्रिकेवरची बहुतेक नावं दिसतात. लीग ऑफ विमेन व्होटर्स ही १९२० पासूनची संस्था, त्याच वर्षी इथल्या स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला. त्यांच्या व्होट-फोर-वन-वन या संकेतस्थळावर उमेदवारांना विचारलेले सारखेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेजारीशेजारी असतात. ज्यानं उत्तरच दिलं नाही त्याची जागा रिकामी ठेवतात. ती रिकामी जागा मी फार लक्ष देऊन बघते.

राहिले बाबांचे फॉरवर्ड. ते डिलीट करू नको म्हणावं, कच्चा माल म्हणून वापर. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, हुशार विद्यार्थी आणि व्यवसायानं तथ्य तपासणारे यांना अनोळखी संकेतस्थळं दाखवून बघितलं. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले. देखणा लोगो, ‘आमच्याविषयी’चा मजकूर, यांना भुलले. तपासनीस मात्र चटकन ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते वाचायला लागले. घरात जावयाची चौकशी आपण त्याच्या तोंडून करत नाही, शेजारीपाजारी करतो, तसंच. आठवड्याला एक फॉरवर्ड तिनं असा तपासावा आणि निकाल ग्रुपवर टाकावा, बाबांना न चिडवता. तिच्या स्वतःच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंतला एक बाबांनी तपासावा. ही दुसरी अट काढू नका, नाहीतर तो न्याय होणार नाही.

आवाज ऐकला म्हणजे खरं, हेही आता चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, तोंडावर मतदारांना तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांच्या आवाजात फोन आले की मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. आवाज एआयनं बनवलेला होता. करवून घेणाऱ्या राजकीय सल्लागाराला साठ लाख डॉलरचा दंड ठोठावला गेला. ‘मतदान लांबलंय’, ‘तुमचं केंद्र बदललंय’ असा निरोप कुठूनही आला तरी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावरच खात्री करायची.

प्रश्न : मी पुण्याहून एमएस करायला टेक्ससला आलोय, एफ-वन व्हिसावर. कॅम्पसवर टेबल मांडून मतदार नोंदणी चालू असते. परवा एका मुलीनं फॉर्म पुढे केला, म्हणाली, ‘दोन मिनिटं लागतात.’ भरला असता तर काय झालं असतं?
– एक विद्यार्थी

उत्तर : अरे, भरला नाहीस ना? मग सुटलास. तो फॉर्म फक्त नागरिकांसाठी आहे. ग्रीन कार्डवाल्यांनाही अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही, तू तर व्हिसावर. नागरिक नसताना ‘मी नागरिक आहे’ या चौकोनात खूण करून सही करणं म्हणजे नागरिकत्वाचा खोटा दावा. १९९६ च्या कायद्यानं त्याला फार कडक केलंय: देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, आणि पुढे ग्रीन कार्डचा रस्ता जवळपास कायमचा बंद होतो. ‘मला कळलं नव्हतं’ म्हणून भागत नाही. पुढं कधी नागरिकत्वाचा अर्ज करशील तेव्हा त्यात सरळ प्रश्न असतो: तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का?

टेबलवाली पोरं वाईट नसतात. त्यांना तुझा व्हिसा दिसत नाही एवढंच. त्याहून फसवी जागा लायसन्सच्या ऑफिसातली. १९९३ च्या कायद्यानं बहुतेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जातच मतदार नोंदणी विचारतात. घाईत सगळ्याला ‘हो’ करत सुटू नकोस. एच-फोरवर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारे मिळणाऱ्या व्हिसावर वाढलेल्या, इथलाच उच्चार असलेल्या मुलांच्या आईबापांनीही हे वाचावं. ती मुलं स्वतःला इथलीच समजतात आणि म्हणूनच जास्त अडकतात.

तुला उमेदवाराला देणगीही देता येणार नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून मदत करता येते. टेक्ससमध्ये मात्र लोकांचे नोंदणी अर्ज गोळा करायला काउंटीनं नेमलेला डेप्युटी रजिस्ट्रार लागतो, आणि तो नागरिकच असतो, तेव्हा टेबलामागे बसू नकोस. वादविवाद बघायला जा, मतपत्रिका वाच, रूममेटशी भांड. समजून घ्यायला कुठलाच व्हिसा आड येत नाही.

प्रश्न : आमचा मुलगा म्हणतो, कॅलिफोर्नियात राहून मत देणं म्हणजे वेळ घालवणं, निकाल ठरलेलाच असतो. इलेक्टोरल कॉलेजचं गणित मांडून दाखवतो. काय उत्तर देऊ?
– एक बाबा, फ्रीमाँट

उत्तर : गणित बरोबर आहे हे आधी कबूल करा. अध्यक्ष राज्याराज्यांत वाटलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांनी निवडला जातो, त्यांपैकी २७० लागतात, आणि मेन व नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्य जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी मतं मिळतात. पण कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर अध्यक्षाखाली ‘प्रॉपोझिशन्स’ची रांग असते, म्हणजे कायदा मतदार स्वतः करतात. राज्य सरकार त्यासाठी पुस्तिका काढतं. त्यात प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूचा आणि विरोधातला युक्तिवाद, शिवाय खर्चाचा अंदाज छापलेला असतो. ती पुस्तिका त्याच्या हातात द्या. आणि २०२२ ची पेनसिल्व्हेनियाची गोष्ट सांगा: राज्याच्या प्रतिनिधिगृहातलं बहुमत १०२ विरुद्ध १०१ असं आलं, आणि त्यातली एक जागा शंभराहूनही कमी मतांनी ठरली होती.

प्रायमरीचंही सांगा. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ ला मिशिगनमधून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर गेले. तो मतदारसंघ डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे खरी लढत ऑगस्टच्या प्रायमरीतच झाली, आणि भाऊगर्दीत ती त्यांनी तीस टक्क्यांहून कमी मतांवर जिंकली. ऑगस्टमध्ये कॉलेजची पोरं सुट्टीवर असतात.

प्रश्न : आमच्या विद्यार्थी मंडळाला निवडणुकीआधी कार्यक्रम करायचाय. वक्ता बोलवावा का?
– मंडळाची सचिव, ओहायो

उत्तर : नको गं, वक्ता नको. लोक जेवायला येतात आणि भाषणात फोन बघतात. नमुना मतपत्रिका छाप, तिघातिघांच्या गटाला एकेक पद वाटून दे, तासभर शोधू दे, मग प्रत्येक गटानं दोन मिनिटांत सांगायचं. कुणाला मत द्यावं हे सांगायची बंदी. कॉलेजची जागा आणि नाव वापरताय तेव्हा कुठल्याही उमेदवाराचा प्रचार नको; कॉलेजांच्या करमाफीला ती अट असते. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला पत्र लिही. यंत्र कसं चालतं ते दाखवायला माणूस पाठवतात का ते विचार.

रांगेचं मात्र आवर्जून सांग. २००४ ला आपल्याच राज्यात, गँबियर गावी, केनयन कॉलेजच्या मुलांना दोनच यंत्रांमुळे तासन्‌तास उभं राहावं लागलं, शेवटची मतं पहाटे चारच्या सुमारास पडली. केंद्र बंद व्हायच्या वेळेला तुम्ही रांगेत असाल तर मत देऊ द्यावंच लागतं. कुणी ‘आता घरी जा’ म्हटलं तरी हलायचं नाही. आणि टिपणं कागदावर घेऊन जा. टेक्सससारख्या राज्यांत मतदान केंद्रात फोन वापरू देत नाहीत.