आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाला जर्मनीत पगार घेत शिकता येईल का? एजंटला साडेचार लाख द्यावेत का?

शिकता येईल. पगारही मिळतो. पण तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या फोंड्याचा एजंट ‘तिथल्या कॉलेजात ॲडमिशन करून देतो’ म्हणतो. या पद्धतीत, म्हणजे आउसबिल्डुंगमध्ये (पगारी शिकाऊ प्रशिक्षणात), ॲडमिशन हा प्रकारच नाही. मुलाला आधी एखादी कंपनी शिकाऊ म्हणून नेमते आणि व्यवसायशाळेत त्याचं नाव कंपनीच घालते. आठवड्यातले एक-दोन दिवस (किंवा सलग काही आठवडे) शाळा, बाकीचे दिवस काम. शाळा सरकारी असते, फी नसते. मग साडेचार लाख कशाचे, हे त्याला लेखी विचारा. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. नोंदणी आहे की नाही ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. ‘ॲडमिशन’ हा शब्द त्या मर्यादेतून निसटायला सोयीचा पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपनी स्वतः शोधता येते. जर्मन रोजगार संस्थेच्या संकेतस्थळावर शिकाऊ जागांचा वेगळा विभाग आहे. तुमच्या मुलाने शोधायचा व्यवसाय म्हणजे ‘एलेक्ट्रोनिकर, एनर्गी उंड गेबॉयडंटेश्निक’ (इमारतींतल्या वीजयंत्रणेचा इलेक्ट्रिशियन), मुदत साडेतीन वर्षं. वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात, त्यामुळे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून पाठवायला लागा. चतुर्थी आटोपली की बसायचं, असं डोक्यात ठेवा. मार्चनंतर चांगल्या जागा भरलेल्या असतात आणि व्हिसालाही वेळ उरत नाही.

करार हातात आला की सही करण्याआधी तीन गोष्टी पाहा. व्यवसायाचं नाव अधिकृत यादीतलंच आहे का? ‘प्राक्टिकुम’ (इंटर्नशिप) किंवा ‘हेल्फर’ (मदतनीस) लिहिलं असेल तर ते आउसबिल्डुंग नव्हे. परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ एक ते चार महिन्यांच्या आत आहे का? आणि करार कारागीर मंडळाच्या, म्हणजे हांडव्हेर्क्सकामरच्या, नोंदवहीत चढलाय का? तो तिथे नोंदला नसेल तर मुलाला शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही.

भाषा हाच खरा खर्च. व्हिसासाठी जर्मनची साधारण बी-१, म्हणजे मध्यम पातळी लागते. ग्योटं या जर्मन भाषासंस्थेची बी-१ परीक्षा वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशा चार भागांत असते आणि प्रत्येक भागात १००पैकी ६० हवेत. मुंबई किंवा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ती देता येते. शून्यापासून बी-१पर्यंत ३५० ते ६५० तासिका लागतात, ‘तीन महिन्यांत बी-१’ या जाहिरातीवर जाऊ नका. मुलं कामात सहसा मागे पडत नाहीत, अडतात ती शाळेच्या पेपरांत, कारण ओहमचा नियम येत असला तरी प्रश्न जर्मनमध्ये वाचून समजावा लागतो. शक्य असेल तर बी-२ ही पुढची पातळी करूनच पाठवा. तिथे गेल्यावर ‘असिस्टीर्टं आउसबिल्डुंग’ नावाची फुकट शिकवणी मिळते, ती पहिल्याच सहामाहीत मागावी.

पैशांचा हिशोब नीट करा. २०२६मध्ये सुरू होणाऱ्या करारांना पहिल्या वर्षी महिन्याला किमान ७२४ युरो, दुसऱ्या वर्षी ८५४, तिसऱ्या वर्षी ९७७. बऱ्याच कंपन्या यापेक्षा जास्त देतात. हा आकडा कपातीआधीचा असतो. पेन्शन, आरोग्यविमा वगैरे मिळून सुमारे पाचवा हिस्सा जातो, म्हणजे १,००० युरोंचे हातात ८०० पडतात. त्यातून म्यूनिकमध्ये खोली परवडणार नाही, लहान गावातली कंपनी बरी. पगार व्हिसाच्या ठरलेल्या रकमेपेक्षा कमी भरला तर फरकाची रक्कम गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा) दाखवावी लागते. आठवड्याला २० तासांपर्यंत जोडकाम करता येतं. पण पहिल्या वर्षी ते करू नये.

आयटीआयचा उपयोग होतो, पण सवयी मोडाव्या लागतात. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल काळा आणि तीन फेज लाल, पिवळा, निळा. जर्मनीत निळा म्हणजे न्यूट्रल, फेज तपकिरी, काळा आणि राखाडी. म्हणजे आपल्याकडे निर्धोक समजली जाणारी काळी तार तिथे जिवंत, म्हणजे वीज असलेली असते. सुरक्षेचे पाच नियम तिथे क्रमाने तोंडपाठ लागतात: पुरवठा तोडणे, तो परत कोणी चालू करणार नाही अशी सोय करणे, व्होल्टेज नसल्याचं टेस्टरने तपासणे, अर्थिंग आणि शॉर्ट करणे, शेजारचे जिवंत भाग झाकणे. हे मुलाला आत्तापासून पाठ करायला लावा. आणि कामाची वही, बेरिष्ट्सहेफ्ट. काय केलं, काय शिकलो ते त्यात नियमित लिहून मालकाची सही घ्यायची असते. अपुरी वही असेल तर परीक्षेची परवानगी अडते, आणि दोन वर्षांची वही एका रात्रीत भरता येत नाही.

व्हिसाचं काम गोव्यासाठी मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येतं. अपॉस्टिलवर (परदेशासाठी कागदपत्रांवर मारायच्या प्रमाणीकरणाच्या शिक्क्यावर) आधीच पैसे घालू नका, कागद मागितला तरच करा. परिवीक्षेत कंपनी कारण न देता काढू शकते. तसं झालं आणि दोष मुलाचा नसेल, तर दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. मात्र करार संपल्याचं परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवलंच पाहिजे.

शेवटी, गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या आजोबांच्या कागदांवरून पोर्तुगीज पासपोर्ट काढावा का, असं तुम्ही विचारलंय. तो पासपोर्ट झाला तर युरोपीय नागरिक म्हणून जर्मनीत व्हिसा लागणार नाही, पण भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी जातं. भाषा आणि कंपनी तर तेव्हाही शोधावीच लागेल. फक्त आउसबिल्डुंगसाठी तो मार्ग घेऊ नका.