घरात कुंडीत गांजाचं एखादं रोप लावलं तर चालेल का?

नाही, एकही नको. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २० नुसार गांजाच्या झाडाची लागवडच गुन्हा आहे. १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. झाड कुंडीत आहे की वावरात, हे कायदा पाहत नाही.

खोलीत काही वाढवून पाहायची हौसच असेल तर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) करा. मी मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा केली. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) रात्रभर भिजवलं, गरम पाण्यातून काढलं आणि नीट निथळू न देताच अळिंबीच्या बियाण्यासोबत पिशव्यांत भरलं. पाचपैकी तीन पिशव्यांवर हिरवी बुरशी! फार जिवाला लागलं. दुसऱ्या खेपेला कुटार मुठीत दाबून पाहिलं: हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. १८-२० दिवसांत अळिंबीच्या धाग्यांनी पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. मग प्लास्टिक कापून काढलं, खोलीत ओले बारदाने टांगले, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारलं. आठवडाभरात अळिंबी फुटली.

मार्चनंतर मात्र सुरू करू नका. धिंगरीला २० ते ३० अंश लागतात. आपल्याकडच्या उन्हात टिनाखालच्या खोलीत ती तगत नाही.