यूसुफच्या गोष्टीत विहीर कुठे गायब होते ते बघ

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम. तुझा मेसेज दोनदा वाचला आणि लगेच उत्तर द्यायचं टाळलं, कारण घाईत लिहिलं असतं तर दोन ओळीत गुंडाळलं असतं. तू विचारतोस की कुरआन जर मार्गदर्शनासाठी आहे तर त्यात एवढ्या गोष्टी कशाला, सरळ हे करा हे करू नका सांगून मोकळं का होत नाही, आणि गोष्टच सांगायची तर पैगंबर मूसा अलैहिस्सलामची गोष्ट इतक्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायांमध्ये, तुकड्या तुकड्यांनी का येते. प्रश्न एकदम बरोबर आहे, विचारायला लाजू नकोस. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा मलाही हेच खटकायचं, फक्त विचारायची हिंमत नव्हती.

गोष्टी कशासाठी हे कुरआनने स्वतःच सांगून ठेवलंय. सूरह हूदची 120वी आयत, म्हणजे वचन, काढ. तिथे अल्लाह नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लमना सांगतो की आम्ही तुला रसूलांच्या, म्हणजे आधीच्या पैगंबरांच्या, या हकीकती सांगतो त्या तुझं हृदय घट्ट करण्यासाठी. हे नीट बघ, माहिती वाढावी म्हणून असं नाही म्हटलंय, हृदय घट्ट व्हावं म्हणून. आणि ते मक्केचे दिवस होते, लोक टिंगल करतायत, सोबत्यांचा छळ चाललाय, सगळीकडून कोंडी. अशा माणसाला नुसता हुकूम देऊन भागत नाही. हुकूम कळतो पण रात्री झोप येत नाही त्याचं काय? तिथे गोष्ट लागते, तुझ्या आधी पण एकजण याच अंधारात उभा होता हे सांगणारी.

त्या आयतीत हृदयासाठी 'फुआद' शब्द आलाय, तोच शब्द सूरह कससमध्ये मूसा अलैहिस्सलामच्या आईसाठी येतो. तिला सांगितलं गेलं की बाळाला दूध पाज, आणि भीती वाटली की नदीत सोड, घाबरू नकोस, दुःख करू नकोस, आम्ही त्याला तुझ्याकडे परत आणू. वचन खुद्द अल्लाहचं, तरी पुढे 10व्या आयतीत काय आहे, तर तिचं फुआद रिकामं झालं, ती सगळं बोलून टाकणारच होती पण आम्ही तिचं हृदय बांधून धरलं. मी इथे दरवेळी अडकतो बेटा. म्हणजे इमान, श्रद्धा असलेल्या बाईचं पण हृदय रिकामं होऊ शकतं, त्याबद्दल तिला रागावलेलं नाही, उलट धरून ठेवलंय. तुला परवा वाटलं ना की नमाज पढूनही टेन्शन जात नाही म्हणजे माझं इमानच कच्चं, तर ही आयत पुन्हा वाच.

आता तुकड्यांचं. मूसा अलैहिस्सलामची गोष्ट प्रत्येक ठिकाणी त्या जागेला लागेल तेवढीच येते. कुठे जादूगार येतात, कुठे समुद्र, कुठे आग दिसते आणि आवाज येतो, कुठे वासराची पूजा. घरातलं मोठं माणूस नाही का, आपल्या आयुष्यातला एकच प्रसंग एका नातवाला धीर द्यायला सांगतं आणि दुसऱ्याला कान उपटायला. पूर्ण चरित्र सांगणं हा तिथे हेतूच नाही.

आणि जे सांगितलेलं नाही तेही बघायला शीक. गुहेत झोपलेल्या तरुणांची गोष्ट सूरह कहफमध्ये आहे, लोक वाद घालतात की ते तीन होते न चौथा कुत्रा, पाच न सहावा कुत्रा, सात न आठवा कुत्रा, आणि कुरआन म्हणतं की त्यांची संख्या माझ्या रबलाच, म्हणजे पालनकर्त्यालाच, चांगली ठाऊक, यावर वरवरच्या बोलण्यापलीकडे वाद घालू नकोस. त्यांची नावं नाहीत, गावाचं नाव नाही. तसंच यूसुफच्या गोष्टीतल्या मिसरच्या (इजिप्तच्या) अजीजच्या, म्हणजे बड्या अधिकाऱ्याच्या बायकोचं, जिला सगळे झुलेखा म्हणतात, ते नाव कुरआनमध्ये कुठेच नाही. तू जे व्हिडिओ बघतोस त्यात या मोकळ्या जागा भरभरून भरलेल्या असतात, अमुकचा रंग असा न तमुकची उंची तशी, ऐकायला मजा येते पण जागा भरली की तुला उभं राहायला जागा उरत नाही. मोकळी सोडलीय ती तुझ्यासाठी सोडलीय असं मला तरी वाटतं.

सूरह यूसुफ मात्र वेगळी. 111 आयती आणि यूसुफ अलैहिस्सलामची गोष्ट स्वप्नापासून स्वप्न खरं होईपर्यंत तिथेच सलग, सुरुवातीलाच तिला 'अहसनुल कसस' म्हटलंय, सगळ्यात सुंदर कथन. ती वाचताना एक काम कर, फक्त सदऱ्यावर नजर ठेव. भाऊ यूसुफला विहिरीत टाकतात न खोटं रक्त लावलेला त्याचा सदरा बापाकडे आणतात. पुढे तोच यूसुफ मोठा होतो न अजीजची बायको त्याच्यामागे लागते तेव्हा त्याचा सदरा मागून फाटतो, आणि मागून फाटलाय म्हणूनच तो निर्दोष ठरतो (तरी तुरुंग चुकत नाही, हेही लक्षात ठेव, निर्दोष ठरणं आणि सुटका होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत). आणि शेवटी तिसरा सदरा, जो रडून रडून डोळे गेलेल्या बापाच्या चेहऱ्यावर टाकतात न दृष्टी परत येते. कापडानेच बापाला फसवलं आणि कापडानेच त्याला उजेड दिला, याचं स्पष्टीकरण कुठेच दिलेलं नाही, नुसतं समोर ठेवलंय.

आणि यूसुफचे वडील, याकूब अलैहिस्सलाम. सबरुन जमील म्हणजे सुंदर सबर, सुंदर धीर म्हणणारा माणूस, आणि त्याचेच डोळे दुःखाने पांढरे होतात. सबर म्हणजे रडायचं नाही असं तुला कोणी शिकवलं असेल तर ते विसर. त्याने गाऱ्हाणं केलंच, फक्त अल्लाहकडे केलं, आणि मुलांना म्हणाला जा, यूसुफचा न त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीवरची आशा सोडू नका. इतकी वर्षं झाल्यावर.

आता ज्या आयतीसाठी हे सगळं लिहितोय ती, 100वी. सगळं कुटुंब एकत्र आलंय, आईबाप तख्तावर, भाऊ समोर. यूसुफ अलैहिस्सलाम अल्लाहचे उपकार मोजतात न म्हणतात त्याने मला तुरुंगातून बाहेर काढलं. विहिरीचं नाव नाही! सुरुवात तर विहिरीपासून झाली होती ना, पण विहिरीत टाकणारे समोर उभे आहेत. भावांनी काय केलं हे ओळख देताना एकदा विचारून झालं, आज तुमच्यावर काही दोष नाही हेही सांगून झालं, आता बापासमोर त्यांची मान खाली जाईल असा शब्द नाही काढला. आणि जे बिघडलं ते सैतानाने आमच्यात बिघडवलं असं म्हणाले. तफसीर, म्हणजे कुरआनचा अर्थ उलगडून सांगणाऱ्यांनी हे फार पूर्वीच दाखवून ठेवलंय, मी काही नवीन सांगत नाही.

मला ते कळलं तेव्हा माझं न माझ्या भावाचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. कारण काय ते सोड. भेटायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे सगळा हिशोब तयार होता, कोण कधी काय बोललं, तारखांसकट. दारात तो उभा राहिला, केस पांढरे झालेले, आणि मला विहीर आठवली. काही बोललो नाही त्यातलं, आजपर्यंत नाही. हे मला कोणी 'माफ कर' असा हुकूम देऊन करवून घेतलं नसतं, हुकूम तर मला आधीपासून माहीत होता.

म्हणून तू आज इशानंतर, रात्रीच्या नमाजनंतर फोन बाजूला ठेव न सूरह यूसुफ वाच, तिलावत (अरबी पठण) जमेल तेवढी कर पण अर्थ मराठीत वाच, एका बैठकीत होते. वाचताना पुढे काय झालं ते तुला माहितीच आहे, त्यामागे पळू नकोस, मी आत्ता यात कुठे उभा आहे ते बघ. कधी विहिरीत असशील, कधी बाप असशील, आणि खरं सांगतो कधी कधी भाऊ पण असशील, ते मान्य करायला जड जातं.

झालं की मला फक्त एवढंच कळव की कुठल्या आयतीवर थांबलास. का थांबलास ते नको सांगू, ते तुझ्यात न तुझ्या रबमध्ये राहू दे.

दुआत आठवण ठेव,
तुझा चाचा