नॉन-एबीएस गाडीला एबीएसची चाकं, तेही हप्त्यावर?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात मानेवाड्यात राहणारा एक भाऊ रोज बुटीबोरीला कंपनीत जातो, २०१७ ची १५० सीसी गाडी, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस (करकचून ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) नाही, विकली तर ३५ हजार येतील. खड्ड्यात आपटून पुढची रिम आउट झाली, साठच्या वर गेलं की हँडल थरथरते. शोरूमने एका पुढच्या चाकाचे साडेसहा हजार सांगितले. मेकॅनिक म्हणतो सोडा ते, याच गाडीच्या एबीएस मॉडेलची दोन्ही चाकं आहेत, डिस्कसकट १४ हजार, बसवायचे ३ हजार, गाडी सेफ होऊन जाईल. हजार रुपये बयाणाही देऊन झाला. पगार २६ हजार, महिन्याला २ हजारांची दोन वर्षांची आरडी चालू आहे, १४ हप्ते भरले. आता आरडी मोडू की क्रेडिट कार्डवर ईएमआय करू?

भाऊ, तुम्ही पैसे कुठून आणू हे विचारून राहिले, मी आधी विचारतो कायले आणायचे. "सेफ होऊन जाईल" या तीन शब्दांपायी तुम्ही १७ हजार काढायला निघाले आणि तिथंच घोळ आहे. चाकात एबीएस नसते हो. डिस्कच्या आतल्या बाजूला खाचाखाचांची एक पातळ रिंग दिसते ना, ती फक्त मोजण्यापुरती, तिच्यासमोर सेन्सर बसतो आणि चाक किती जोरात फिरून राहिलं ते सांगतो, ब्रेक सोडायचा-पकडायचा ते काम मॉड्युलेटर करतो आणि तो मास्टर सिलिंडर (ब्रेक दाबला की ऑइलला जोर देणारा) अन् कॅलिपर (डिस्कला पकडणारा) यांच्या मधात, ब्रेकच्या पाइपलाइनवर असतो, त्याच्यासोबत कंट्रोल युनिट, वेगळी वायरिंग, मीटरमधला एबीएसचा दिवा. यातलं काहीच तुमच्या गाडीत नाही. घरी मीटर लावून घेतलं म्हणजे लाइन आली असं होत नाही, तसंच हे. रिंग नुसती फिरत राहील आणि पावसात सिमेंट रोडवर करकचून ब्रेक दाबला की चाक आधीसारखंच लॉक होईल. उलट आता आपल्या गाडीत एबीएस आहे असं मनात बसलं की माणूस ब्रेक उशिरा मारतो, याची मला जास्त भीती वाटते. आणि ते मॉडेल सिंगल चॅनलचं असेल तर एबीएस फक्त पुढच्याच चाकावर चालतो, मग मागच्या चाकाचे पैसे कशाचे?

आता १७ हजारांचा खरा आकडा काढू. सेटवर टायर असले तरी जुने असणार, टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात ते वाचा, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. तसले टायर घालून वर्धा रोडवर ट्रकांच्या मधातून जायचं नाही, म्हणजे टायरचे ५ हजार धरा. मागे ड्रमच्या जागी डिस्क येणार म्हटल्यावर मागचा मास्टर सिलिंडर, होज, कॅलिपरचं ब्रॅकेट, ब्रेक लाइटचा स्विच, स्विंगआर्मला (मागचं चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला) ते बसते की वेल्डिंग करावं लागते तेही पाहणं आलं, शिवाय बेअरिंग, स्पेसर, रबर. पुढच्या अ‍ॅक्सलचं आणि डिस्कचं माप जुळलं नाही तर वेगळंच. तुमच्या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या हबवरून चालत असेल तर एबीएसच्या चाकात ती जागाच नसू शकते, मग काटा झिरोवर. किरकोळचे २ हजार लावले तरी २४ हजार होतात, आणि गाडी विकायला काढली तर तुम्हीच लिहिलं तसे ३५ हजार येतील. चाकं बदलली म्हणून समोरचा एक रुपया वाढवून देणार नाही, कबाडातला माल बिनाबिलाचा असला तर अजून भाव पाडेल.

कार्डवर या २४ हजारांचा १२ महिन्यांचा ईएमआय केला आणि १६ टक्के व्याज धरलं तर महिन्याला २,१७८ च्या जवळपास, व्याज आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मिळून अडीच हजार जास्तीचे, प्रोसेसिंग फी वेगळी. म्हणजे आरडीपेक्षा मोठा हप्ता! आरडी मोडली तर व्याज कमी होईल, पण मला टोचते ते वेगळं, १४ महिने नेमाने भरलेली सवय मोडेल.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडीत फेरबदल चालत नाही, आणि कलम १८२अ मध्ये मालकाला दर फेरबदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही लिहिलं आहे. खराब चाकाच्या जागी तसंच चाक टाकणं वेगळं, ड्रम काढून डिस्क बसवणं वेगळं.

माझं मत विचाराल तर फक्त पुढचं चाक घ्या, तुमच्याच मॉडेलचं, नॉन-एबीएस, साडेसहा हजारांचं. कार्डवर घ्या आणि बिल आलं की पूर्ण भरून टाका, मिनिमम ड्यू भरून गप्प बसू नका. वाकडी अलॉय ठोकून सरळ करून देतात, पण तडा असला तर डोळ्याला दिसत नाही, मी त्यात पैसे वाचवणार नाही. चाक येईपर्यंत खापरीपर्यंत मेट्रोने जा, पुढे कोणाच्या तरी मागे बसा.

एबीएस पाहिजेच असेल तर आरडी चालू ठेवा. दहा महिन्यांनी ४८ हजार आणि वरचं व्याज हातात, गाडीचे तीसेक आले तरी पाऊण लाखाच्या वर जाता. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला, त्यानंतरची सेकंडहँड पाहा. चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोणीतरी कारभार करून ठेवला आहे, निघून या.

नुसता लूकचा शौक असेल तर तसं म्हणा, त्यात काही वाईट नाही बाप्पा, पण शौक बोनसमधून करा, हप्त्यावर नको, आणि मागचा ड्रम राहू द्या. बाकी टर्म इन्शुरन्सचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. रोज बुटीबोरी रोडवर जाता, गाडीच्या पॉलिसीत १५ लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर आहे की थर्ड पार्टी काढताना ते वगळलं, एवढं आजच पाहून घ्या.

बयाण्याच्या हजारापायी १४ हजारांचा सौदा करू नका. मेकॅनिक परत देत नसेल तर ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये अ‍ॅडजस्ट करून घ्या, ऑइल तसंही दोनेक वर्षांनी बदलावंच लागते.