गोळीची 'सवय' होते का?

नागपूरहून आलेला प्रश्न असा: मेडिकलच्या काउंटरवर लोक अँटिबायोटिकबद्दल म्हणतात, 'गोळी लागूच नाही पडून राहिली, शरीराला सवय झाली तिची.' बातमीत छापून येतं, 'जंतूंची प्रतिकारशक्ती वाढली.' यांतलं बरोबर कोणतं, आणि 'रेझिस्टन्स'ला मराठीत म्हणायचं काय?

'लागू पडत नाही' इथपर्यंत वाक्य निर्दोष आहे. पुढच्या अर्ध्यात कर्ता चुकतो. सवय शरीराला होते ती झोपेच्या गोळीची. प्रतिजैविकाच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या, बाबतीत बदल होतो तो जंतूत. शिवाय 'सवय' म्हटलं की काही दिवस गोळी बंद ठेवली तर मोडेल, असं वाटतं. इथे तसं घडत नाही. कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या जनुकात आधीच फरक झालेला असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि वाढतो. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होतात. ते जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असलं, तर दुसऱ्या जातीच्या जंतूलाही मिळू शकतं.

'प्रतिकारशक्ती' मी इथे ठामपणे टाळतो. हा शब्द आपल्या शरीराच्या रोगाशी लढण्याच्या ताकदीसाठी रुळलेला आहे. 'प्रतिजैविकांमुळे प्रतिकारशक्ती वाढली' असं वाचून कुणाला गोळीने आपली ताकद वाढते असं वाटलं, तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

नाम हवं तर 'औषधरोध' किंवा 'प्रतिरोध'. क्रियापद मात्र मराठीत तयार आहे: दाद न देणे. 'ताप औषधाला दाद देत नाही' हे आपण म्हणतोच. तसंच 'जंतू या औषधाला दाद देत नाहीत'. कर्ता जागेवर येतो.

दाद न देण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जंतूची पेशीभित्ती विणणाऱ्या विकराला (एन्झाइमला) जाऊन चिकटतात. भित्ती कच्ची राहते आणि जंतू फुटतो. आपल्या पेशींना अशी भित्तीच नसते. काही जंतू बीटा-लॅक्टमेज हे विकर बनवून औषधाच्या रेणूतलं कडंच तोडतात. '625' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळीत 500 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिनच्याच कुळातल्या औषधासोबत 125 मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक आम्ल असतं ते यासाठी: ते त्या तोडणाऱ्या विकराला अडकवून ठेवतं, अमॉक्सिसिलिन शाबूत राहतं. पण एमआरएसए या, पेनिसिलिनच्या कुळातल्या बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या जंतूची मुख्य युक्ती तोडण्याची नाही; त्याच्याकडे भित्ती विणणारं वेगळंच विकर असतं, त्याला ही औषधं नीट चिकटत नाहीत. तिथे 625 देऊनही उपयोग नाही. टेट्रासायक्लीन हे दुसऱ्या कुळातलं प्रतिजैविक तर कित्येक जंतू पंपाने उपसावं तसं बाहेर टाकतात.

'प्रतिजैविक'ऐवजी 'जंतुनाशक' हा पर्यायही गोळीसाठी नको. तो फिनाइलसारख्या, फरशीवर टाकायच्या द्रवांना राहू द्यावा. संत्रा-लिंबाच्या बागायतदारांना असा भेद नवा नाही. लिंबावरच्या खैऱ्या रोगासाठी वापरात आलेलं स्ट्रेप्टोसायक्लीन हे प्रतिजैविक, कारण तो रोग जिवाणूचा. गंधक हे बुरशीनाशक. विषाणूच्या सर्दीला प्रतिजैविक चालत नाही, त्याला मात्र 'दाद देत नाही' म्हणू नये. तिथे प्रतिजैविकाला पकडायला भित्तीसारखं काही नसतंच, मग रोध कसला?

'प्रतिजैविक' शब्दाचं लिंग नपुंसक: ते प्रतिजैविक, ती प्रतिजैविके. आणि 'जंत' वेगळे, 'जंतू' वेगळे. पोटातल्या जंतांवरची गोळी प्रतिजैविक नव्हे.